हँड्सवर्थचा माहितीपट आणि १९८५ सालचे चार सेकंदांचे दृश्य

संकलनमेज

नमस्कार. मी मूळची सांगलीची. गेली अकरा वर्षे बर्मिंगहॅममध्ये राहते आणि माहितीपटांचे संकलन करते. सध्या हाती असलेला माहितीपट ५२ मिनिटांचा आहे. १९५० आणि १९६०च्या दशकांत जमैका आणि सेंट किट्स येथून येऊन हँड्सवर्थ भागात स्थायिक झालेल्या तीन कुटुंबांची ही हकीकत आहे. दिग्दर्शिका त्यांपैकी एका घरातली नात आहे आणि मी बाहेरची आहे.

संकलनासाठी माझ्याकडे तीन प्रकारची जुनी सामग्री आलेली आहे. पहिली १९४८ पासूनच्या वृत्तपटांची, दुसरी सप्टेंबर १९८५ मध्ये येथे झालेल्या दंगलीच्या वेळी वृत्तवाहिन्यांनी केलेल्या चित्रीकरणाची. तिसरी घराघरांतून गोळा केलेली आहे: फोटोंचे अल्बम, आठ मिलिमीटरच्या दोन फिती, आणि पत्राऐवजी बोलून भरलेल्या व किंग्स्टनला आजीकडे पाठवलेल्या कॅसेट. आजीच्या निधनानंतर त्या कॅसेट पुन्हा इकडे आल्या.

अडचण दुसऱ्या गठ्ठ्यातल्या चार सेकंदांची आहे. लोझेल्स रोडवर धूर आहे, जळालेली मोटार आहे आणि एक कृष्णवर्णीय तरुण डावीकडून उजवीकडे झपझप चालत जातो. दंगलीचा विषय निघाला की हे दृश्य निरनिराळ्या कार्यक्रमांत दाखवले गेले आणि प्रत्येक वेळी निवेदनात त्याच्यावर ‘दंगलखोर’ हा शब्द येऊन पडला. आमच्या तीन कुटुंबांपैकी एका आईने हे दृश्य पाहताक्षणी सांगितले की तो त्यांचा धाकटा मुलगा आहे. त्या दिवशी तो कामावरून घरी येत होता आणि त्याच्यावर कधीही कोणता आरोप झाला नव्हता. आज तो हयात नाही. आईला हे दृश्य माहितीपटात नको आहे. मुलीला मात्र ते हवे आहे. तिचे म्हणणे असे की इतरांनी आपल्या भावाला इतक्या वेळा दाखवले, तर एकदा आपणही त्याला त्याच्या नावानिशी दाखवावे.

ज्यांनी असे काम केले आहे, किंवा या विषयावर विचार केला आहे, त्यांनी कृपया आपले मत मांडावे. ज्या सामग्रीचा जन्मच संशयाच्या नजरेतून झाला, ती सामग्री त्याच लोकांच्या कहाणीसाठी कशी वापरावी?

रानजाई

माझ्या मते येथे आईचा शब्द शेवटचा मानावा. ऑगस्ट १९५५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपीत १४ वर्षांच्या एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाची गोऱ्यांनी हत्या केली. त्याची आई मॅमी टिल हिने शिकागोमध्ये शवपेटी उघडी ठेवण्याचा निर्णय घेतला, आणि तिच्या संमतीने ‘जेट’ या साप्ताहिकात त्याच्या चेहऱ्याचे छायाचित्र छापून आले. त्या छायाचित्राने नागरी हक्कांच्या चळवळीतली एक पिढी घडवली, हे आपण सारेच जाणतो. परंतु ते दाखवायचे हे एका आईने ठरवले होते, एखाद्या संपादकाने नव्हे, ही गोष्ट सांगायची बहुधा राहून जाते. पुढे तेच छायाचित्र कित्येकांनी केवळ अंगावर काटा यावा म्हणून वापरले. छायाचित्र तेच राहिले, पण ते दाखवण्यामागचा अधिकार बदलला.

तुमच्या माहितीपटातल्या आईने नकार दिलेला आहे. मग प्रश्न उरतोच कुठे?

दुसरी_बाजू

रानजाई, तुमच्याविषयी आदर राखून असहमती नोंदवतो. प्रत्येक दृश्यासाठी नातेवाइकांची अनुमती हवी असा दंडक घातला, तर तो पाळणारे फक्त सहृदय लोक असतील. वाहिन्या ते दृश्य पूर्वीप्रमाणेच वापरत राहतील आणि ‘दंगलखोर’ हे एकमेव निवेदन त्याला कायमचे चिकटून राहील. मौन पाळल्याने आधीचे निवेदन पुसले जात नाही.

याच हँड्सवर्थच्या दंगलीवर ब्लॅक ऑडिओ फिल्म कलेक्टिव्ह या गटाने १९८६ मध्ये ‘हँड्सवर्थ साँग्ज’ हा माहितीपट केला. जॉन अकोम्फ्रा त्याचे दिग्दर्शक. त्यांनी वृत्तवाहिन्यांची दृश्ये टाळली नाहीत. १९५०च्या दशकात बोटीतून उतरणारी, नीटनेटक्या कपड्यांतली, आशेने भरलेली माणसे त्यांनी त्या धुराशेजारी आणून बसवली, आणि ध्वनिपट असा रचला की प्रेक्षकाला बातमीची सवयीची लय सापडूच नये. तीच दृश्ये, पण त्यांचा अर्थ पालटलेला, असे त्या माहितीपटाचे स्वरूप आहे. दृश्य वापरल्याशिवाय हे घडलेच नसते.

संकलनमेज

दुसरी_बाजू, तो माहितीपट मी संकलन शिकत असताना आणि त्यानंतरही अनेकदा पाहिला आहे. त्यावर झालेला वादही येथे आठवायला हवा. जानेवारी १९८७ मध्ये सलमान रश्दी यांनी ‘गार्डियन’मध्ये लिहिले की हा माहितीपट दंगलीच्या भाषेतच अडकलेला आहे आणि त्यात हँड्सवर्थच्या माणसांचे स्वतःचे आवाज पुरेसे ऐकू येत नाहीत. जमैकात जन्मलेले संस्कृती-अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी त्याला उत्तर दिले की ही मंडळी एक नवी भाषा शोधत आहेत आणि तो शोध ओळखण्याची तयारी आपण ठेवायला हवी. दोन्ही बाजू वाचल्यावर मला वाटते की हॉल यांचे म्हणणे त्या कलाकृतीला लागू पडते आणि रश्दी यांचे म्हणणे माझ्यापुढच्या प्रश्नाला. माझ्याकडे तो आवाज आहे. आई हयात आहे आणि स्वच्छ बोलते.

पेटारा

मी चित्रफितींच्या संग्रहात बावीस वर्षे काम केले आहे, त्यामुळे भावनेइतकेच कामकाजाच्या बाजूने लिहितो.

संकलनमेज, तुमच्याकडे आलेली चार सेकंदे कोणत्या प्रतीतली आहेत? बातमीसाठी कापलेल्या प्रतीतली, की मूळ रशेसमधली, म्हणजे न कापलेल्या कच्च्या चित्रीकरणातली? वाहिन्यांकडून चित्रफीत मागवली की बहुतेक वेळा बातमीत गेलेला तुकडाच मिळतो, कारण कॅटलॉगमध्ये नोंद त्याचीच असते. १९८५ पर्यंत बातम्यांचे चित्रीकरण मोठ्या प्रमाणात व्हिडिओ टेपवर होऊ लागले होते आणि टेपा पुसून पुन्हा वापरण्याची पद्धत सर्रास होती, म्हणून रशेस मिळतीलच असे नाही. तरीही लेखी विचारणा करा आणि त्या दिवसाच्या चित्रीकरणाची नोंदवही मागा. बातमीचा संकलक चालणाऱ्या माणसाचे पहिले पाऊल आणि शेवटचे पाऊल कापून टाकतो. तो कुठून आला आणि कुठे गेला हे त्याला नकोच असते. तुम्हाला नेमके तेच हवे आहे.

दुसरी गोष्ट शोधशब्दांची. जुन्या कॅटलॉगांतल्या नोंदी त्या काळच्या कारकुनांनी त्या काळच्या शब्दांत केलेल्या आहेत. आज आपण जे शब्द आदराने वापरतो, त्यांनी शोधले तर हाती काही लागत नाही. ‘कलर्ड’, ‘निग्रो’, ‘इमिग्रंट प्रॉब्लेम’ असे शब्द नाइलाजाने टंकावे लागतात, आणि त्यातून मिळालेल्या नोंदीत माणसाचे नाव क्वचितच असते. त्याच नोंदीत फौजदाराचे आणि नगरसेवकाचे नाव मात्र हुद्द्यासकट असते. माहितीपटात ती नोंदच पडद्यावर दाखवता आली तर जरूर दाखवा.

तिसरी गोष्ट चौकटीची. ती दृश्ये चारास तीन या प्रमाणात चित्रित झालेली आहेत. पडदा भरावा म्हणून ती ताणू नका आणि वरून-खालून कापूही नका. दोन्ही कडांना काळी पट्टी राहिली तरी चालेल.

सोनचाफा

पेटारा यांच्या शेवटच्या मुद्द्याला माझे अनुमोदन. एका माहितीपटात स्त्रियांच्या मोर्च्याचे जुने दृश्य रुंद पडद्यासाठी कापलेले पाहिले होते. त्यात त्यांच्या हातातले फलकच चौकटीबाहेर गेले होते.

टेम्सकाठ

तुमच्या पहिल्या गठ्ठ्याविषयी, म्हणजे १९४८ च्या वृत्तपटांविषयी, थोडे सविस्तर लिहितो, कारण ब्रिटनमधल्या कृष्णवर्णीय समाजावरचा जवळजवळ प्रत्येक माहितीपट तेथूनच सुरू होतो आणि ही सवय तपासून घेण्याजोगी आहे.

एम्पायर विंड्रश ही बोट २२ जून १९४८ रोजी टिलबरीच्या धक्क्यावर लोकांना उतरवू लागली. पाथे या वृत्तपट-कंपनीच्या वृत्तपटात आल्डविन रॉबर्ट्स, म्हणजेच लॉर्ड किचनर हे कॅलिप्सो (त्रिनिदादचा गीतप्रकार) गायक, धक्क्यावरच लंडनवरचे गाणे म्हणतात. दृश्य गोड आहे, परवाना सहज मिळतो, म्हणून ते सर्वत्र दिसते. पण प्रवाशांच्या यादीकडे वळून पाहा. यादीत १,०२७ प्रवासी होते. त्यांपैकी ८०२ जणांनी आपले शेवटचे वास्तव्य कॅरिबियनमध्ये असल्याचे नोंदवले होते, आणि एकूण प्रवाशांत २५७ स्त्रिया होत्या. त्रिनिदादची गायिका मोना बॅप्टिस्ट याच बोटीने आली. वृत्तपटातून आपल्या मनात जे चित्र ठसते ते मात्र टोपी घातलेल्या तरुण पुरुषांचेच असते. शिवाय ओरमाँड आणि अल्मान्झोरा या बोटी १९४७ मध्येच कॅरिबियनमधून लोकांना घेऊन आल्या होत्या. त्यांच्या स्वागताचा असा गाजलेला वृत्तपट नाही, म्हणून लोकांच्या स्मृतीत आरंभाचे वर्ष १९४८ होऊन बसले.

याला एक अत्यंत वेदनादायक जोड आहे. याच पिढीतल्या प्रवाशांची आगमनपत्रे ब्रिटनच्या गृहखात्याने २०१० मध्ये नष्ट केली. पुढे, बालपणी आईवडिलांबरोबर आलेल्या आणि सारे आयुष्य येथेच काढलेल्या लोकांकडे राहण्याच्या हक्काचे पुरावे मागितले गेले. कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या, काहींना देशाबाहेर घालवण्यात आले, आणि २०१८ मध्ये हे सारे प्रकरण उघडकीस आले. त्यांच्या गाण्याची चित्रफीत देशाने जपून ठेवली आणि त्यांच्या हक्काचा कागद नष्ट केला. म्हणून माझी विनंती अशी की तो वृत्तपट वापरायचाच असेल तर आनंदी प्रारंभ म्हणून वापरू नका. तुमच्या तीन कुटुंबांपैकी कोणाला या कागदांचा त्रास झाला असेल, तर त्यांच्या कथनाजवळ तो ठेवा.

गोदातीर

मी नाशिकचा. हा विषय आपल्यापासून दूरचा आहे असे येथे कोणाला वाटत असेल, तर शरणपूर रस्त्यावरून जाताना ते ‘शरणपूर’ म्हणजे काय, हे एकदा आठवावे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आरमाराने अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले चर्च मिशनरी सोसायटीने येथे आणून ठेवली, त्यांना शाळेत घातले आणि सुतारकाम, लोहारकाम शिकवले. त्यांपैकी अनेक जण १८७०च्या दशकात मोंबासाजवळच्या फ्रिअरटाउन वसाहतीत गेले. आफ्रिकेत त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ म्हणत.

नाशकात शिकलेला जेकब वेनराइट हा त्यांच्यापैकीच एक. आफ्रिकेत फिरलेले मिशनरी व संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन मे १८७३ मध्ये तेथेच मरण पावले तेव्हा तो तेथे होता. मृतदेह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्या मंडळींत तो होता आणि त्याच्याबरोबर तो इंग्लंडपर्यंत गेला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता. त्याचे गाजलेले छायाचित्र त्या शवपेटीशेजारचे आहे. मी ते प्रथम पाहिले तेव्हा मला जाणवले की छायाचित्र त्याचे असूनही विषय पेटीतला माणूस आहे. त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेली दैनंदिनी मात्र टिकून आहे. माझ्यासारख्याला एखाद्या दिवशी त्याच्यावर माहितीपट करता आला, तर मी दैनंदिनीचे पान आधी दाखवीन आणि ते छायाचित्र नंतर. संकलनमेज, तुमच्याकडच्या कॅसेट म्हणजे तुमची ती दैनंदिनी आहे.

दुसरी_बाजू

गोदातीर, वेनराइटविषयी मला काहीही ठाऊक नव्हते. आभार. तुमचा क्रमाचा मुद्दा मला पटला. आधी माणसाचा शब्द, मग इतरांनी काढलेले त्याचे चित्र. परंतु याचा अर्थ दृश्य गाळावे असा होत नाही, हे माझे म्हणणे कायम आहे.

कायदेकानू

परवान्याविषयी कोणीच लिहिलेले नाही, म्हणून लिहिते. नैतिक प्रश्न कितीही मोठा असला तरी माहितीपट अखेर करारपत्रावर तरतो किंवा बुडतो.

अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या चळवळीवर हेन्री हॅम्प्टन यांच्या ब्लॅकसाइड या संस्थेने ‘आइज ऑन द प्राइझ’ ही मालिका केली. पहिले ६ भाग १९८७ मध्ये आणि पुढचे ८ भाग १९९० मध्ये आले. तिच्यात वृत्तवाहिन्यांची दृश्ये, छायाचित्रे आणि गाणी विपुल होती, आणि पैसा अपुरा असल्याने त्यांचे परवाने मर्यादित वर्षांसाठी घेतले गेले होते. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून ते परवाने संपत गेले, आणि शाळाशाळांतून दाखवली जाणारी ही मालिका दहाहून अधिक वर्षे पुन्हा प्रसारित होऊ शकली नाही. देणग्या मिळवून परवान्यांचे नूतनीकरण झाले तेव्हा २००६ मध्ये ती परत दिसली. ज्या लोकांनी रस्त्यावर मार खाल्ला, त्यांचीच दृश्ये त्यांच्या नातवंडांना दाखवण्यासाठी वर्षांच्या हिशेबाने पैसे मोजावे लागले.

म्हणून करारात प्रदेश, माध्यम आणि मुदत या तीन रकान्यांकडे नीट पाहा. सगळे जग, सगळी माध्यमे आणि कायमची मुदत हे महाग पडते, पण दृश्ये कमी करावी लागली तरी चालेल, मुदत कमी करू नये. ब्रिटनच्या कायद्यात टीका, समीक्षा आणि अवतरण यांसाठी न्याय्य वापराची तरतूद आहे, आणि तुम्ही त्या दृश्याच्या निवेदनाचीच चिकित्सा करणार असाल तर ती लागू होऊ शकते. मात्र तेथील वकिलाचा लेखी सल्ला घेतल्याशिवाय तिच्यावर विसंबू नका.

मितवा

एक वेगळा पर्याय सुचवतो. ते दृश्य आईला नको असेल आणि परवानाही महाग असेल, तर त्या तरुणाच्या अल्बममधल्या फोटोंवरून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने त्याचे घरी परततानाचे दृश्य का तयार करू नये? धूर नाही, मोटार नाही. फक्त तो आणि त्याचा रस्ता. कुटुंबालाही बरे वाटेल.

पेटारा

मितवा, तुमचा हेतू चांगला आहे, तरीही मी याला ठाम विरोध करतो. ज्या समाजाविषयी आधीच खोटे निवेदन रचले गेले, त्याच्या कहाणीत आपण खोटे दृश्य घातले, तर खऱ्या पुराव्याचीही किंमत जाते. उद्या कोणी म्हणेल की हे तयार केले, तसे तेही तयार केलेले असेल. अमेरिकेतल्या आर्कायव्हल प्रोड्युसर्स अलायन्स या संघटनेने २०२४ मध्ये माहितीपटकारांसाठी याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. मूळ सामग्रीचे मोल जपणे आणि कृत्रिम दृश्य वापरलेच तर प्रेक्षकाला ते स्पष्ट सांगणे, यांवर त्यांचा भर आहे.

निळावंती

पेटारा यांच्याशी सहमत, पण रचलेला संग्रह नेहमीच लबाड असतो असेही नाही. शेरिल डुन्ये यांनी १९९६ मध्ये ‘द वॉटरमेलन वूमन’ हा कथापट केला. त्यात १९३०च्या दशकातल्या एका कृष्णवर्णीय अभिनेत्रीचा शोध आहे. तिची ‘जुनी’ छायाचित्रे झोई लेनर्ड या छायाचित्रकार स्त्रीने नव्याने काढलेली आहेत. अशा स्त्रियांची नोंद कोणी ठेवलीच नाही म्हणून तिला घडवावे लागले, हे शेवटी पडद्यावर लिहून सांगितले जाते. त्या कबुलीमुळे नसलेला संग्रह किती मोठा आहे ते कळते. मितवा यांच्या सूचनेत मात्र कबुलीला जागा नाही, आणि येथे तर खरा माणूस आहे.

मी स्वीडनमध्ये राहते, म्हणून आणखी एक उदाहरण देते. १९६७ ते १९७५ या काळात स्वीडिश दूरदर्शनच्या पत्रकारांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पॉवर चळवळीचे चित्रीकरण केले होते. त्यातून गोरान ह्यूगो ओल्सन यांनी २०११ मध्ये ‘द ब्लॅक पॉवर मिक्सटेप’ हा माहितीपट केला. त्याच्या आरंभीच स्पष्ट केले आहे की ही चळवळीची संपूर्ण कथा नाही, काही स्वीडिश चित्रकर्मींना ती कशी दिसली तेवढेच येथे आहे. नंतरच्या काळातली माणसे त्या दृश्यांवर केवळ आवाजाने बोलतात. १९७२ मध्ये तुरुंगात मुलाखत देणाऱ्या चळवळीतल्या कार्यकर्त्या अँजेला डेव्हिस पडद्यावर दिसतात आणि आजच्या अँजेला डेव्हिस त्यांच्याविषयी बोलताना ऐकू येतात. संकलनमेज, आईचा चेहरा दाखवावा की केवळ आवाज ठेवावा, याचा विचार करताना हे पाहून घ्या.

चार्ल्सकाठ

मी बोस्टनजवळ राहतो. येथे अलीकडेच संपलेला एक वाद या धाग्याशी थेट जोडलेला आहे.

१८५० मध्ये हार्वर्डचे प्राध्यापक लुई अगासी यांच्यासाठी दक्षिण कॅरोलायनात जोसेफ झीली या छायाचित्रकाराने गुलामगिरीतल्या सात जणांच्या डॅगेरोटाइप प्रतिमा, म्हणजे धातूच्या पत्र्यावरची सुरुवातीच्या काळातली छायाचित्रे, काढल्या. वंशश्रेष्ठत्वाचा सिद्धांत सिद्ध करण्यासाठी त्यांना विवस्त्र उभे केले गेले होते. त्यांत रेंटी नावाचा पुरुष आणि त्याची मुलगी डेलिया होती. या प्रतिमा १९७६ मध्ये पीबॉडी संग्रहालयाच्या माळ्यावर सापडल्या. कॅरी मे वीम्स या कलावतीने १९९०च्या दशकात त्यांवर लाल रंग चढवून आणि शब्द कोरून एक मालिका केली. तेव्हा हार्वर्डने तिला कायदेशीर कारवाईची तंबी दिली होती. २०१९ मध्ये रेंटीची वंशज असल्याचे सांगत तमारा लॅनियर यांनी विद्यापीठावर दावा लावला. २०२२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रतिमांच्या मालकीचा त्यांचा दावा मान्य केला नाही, पण मानसिक क्लेशाचा दावा पुढे चालवू दिला. २०२५ मध्ये तडजोड झाली आणि या प्रतिमा चार्ल्स्टनमधल्या आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालयाकडे सोपवण्याचे ठरले.

कायद्याच्या दृष्टीने छायाचित्र काढणाऱ्याचे असते. त्यात उभ्या केलेल्या माणसाचे नसते. म्हणूनच दुसरी_बाजू यांचा युक्तिवाद मला पुरेसा वाटत नाही. सर्वत्र उपलब्ध असणे म्हणजे आपल्या हक्काचे असणे नव्हे. वीम्स यांनी त्या प्रतिमा वापरल्या, हे खरे. पण त्यांनी त्या जशा होत्या तशा पुढे केल्या नाहीत. पाहणाऱ्याला आपण काय पाहतो आहोत याची लाज वाटेल अशा रीतीने त्या मांडल्या.

दुसरी_बाजू

चार्ल्सकाठ, हा फरक मान्य करतो. मी ‘वापरावे’ असे म्हणताना ‘कसे’ हा प्रश्न फार लवकर सोडून दिला होता. मात्र रानजाई यांना विचारतो: बहिणीचा काहीच हक्क नाही का? तीही त्याच घरातली आहे.

रानजाई

हक्क आहे, आणि माझ्या पहिल्या प्रतिसादात मी तिला विसरले, ही चूक झाली. दोघींना एकत्र बसवून ते दृश्य दाखवले गेले आहे का? की एकीला विचारले आणि दुसरीला कळवले?

संकलनमेज

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे लिहू शकले नाही, कारण तुमच्या सूचनांवरच काम चालू होते.

रानजाई, तुमचा अंदाज बरोबर होता. आम्ही दोघींना वेगवेगळ्या दिवशी विचारले होते. पेटारा यांच्या सांगण्याप्रमाणे मूळ चित्रीकरणाची विचारणा केली. संग्रहाने पहिल्यांदा नकार कळवला, दुसऱ्यांदा नोंदवही पाठवली, आणि नोंदवहीतल्या क्रमांकावरून टेप मिळाली. त्यात हे दृश्य चार नव्हे, एकोणीस सेकंदांचे आहे. तो तरुण एका वृद्ध शीख गृहस्थांना हाताने थांबवतो, रस्ता पाहतो, त्यांना पलीकडे नेऊन सोडतो आणि मग झपझप चालू लागतो. बातमीत फक्त ते चालणे आले. त्याच्या खांद्यावर डब्याची पिशवी आहे. बातमीच्या तुकड्यात ती धुराआड जाते.

दिग्दर्शिकेने आणि मी आई व मुलगी या दोघींना त्यांच्याच घरी ही एकोणीस सेकंदे दाखवली. आईने ती चार वेळा पाहिली. मग त्या म्हणाल्या की पिशवी त्यांनीच शिवलेली होती. दाखवायचे तर सगळे दाखवा, वेग कमी करू नका आणि वर संगीत घालू नका, अशा तीन अटी त्यांनी घातल्या. निवेदन त्या स्वतःच करणार आहेत. निळावंती यांच्या सूचनेप्रमाणे तेथे चेहरा नसेल, केवळ आवाज असेल. कॅटलॉगमधली नोंद त्याआधी पडद्यावर येईल.

बाकीच्या रचनेविषयी थोडक्यात सांगते. गोदातीर यांनी म्हटल्याप्रमाणे माहितीपट आता कॅसेटमधल्या आवाजाने सुरू होतो. त्यानंतर बर्मिंगहॅमच्या ग्रंथालयातल्या डाइच या छायाचित्रकाराच्या स्टुडिओतली छायाचित्रे घेण्याचा विचार आहे. बाल्सॉल हीथमधल्या या स्टुडिओत कॅरिबियनमधून आलेले आणि आपल्या उपखंडातून आलेले लोक त्याच पडद्यापुढे उभे राहून घरी पाठवण्यासाठी फोटो काढून घेत. कोट इस्त्रीचा, हातात पेन, चेहऱ्यावर ‘येथे माझे बरे चालले आहे’ हा भाव. त्यांतल्या कित्येकांची नावे आज कोणालाच ठाऊक नाहीत. त्याला जोडून १९७९ चा एक प्रयोग येईल, ज्यात तीन छायाचित्रकारांनी हँड्सवर्थच्या रस्त्यावर पडदा लावला आणि कॅमेऱ्याची कळ येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हाती दिली. ५०० हून अधिक लोकांनी स्वतःचे छायाचित्र स्वतः काढले. माझ्या मते १९८५ च्या धुराआधी प्रेक्षकाने हे चेहरे पाहिलेले असणे अत्यावश्यक आहे.

१९६८ मध्ये याच शहरात झालेले खासदार इनॉक पॉवेल यांचे स्थलांतरितांविरोधी भाषण आम्ही वापरत नाही. तिन्ही घरांतल्या लोकांना ते शब्द पाठ आहेत, कारण ते त्यांच्यावर रस्त्यात फेकले गेले. दुसऱ्या दिवशी कारखान्यात काय घडले, हे एक आजोबा सांगतात, तेवढे ठेवले आहे. टेम्सकाठ, विंड्रशचा वृत्तपट शेवटच्या भागात, एका काकांच्या कागदपत्रांच्या हकीकतीजवळ गेला आहे, आणि त्यातले गाणे आम्ही बंद ठेवले आहे.

एक अडचण मात्र शिल्लक आहे. आईंनी त्या एकोणीस सेकंदांची प्रत स्वतःजवळ ठेवण्यासाठी मागितली. परवान्याच्या करारात माहितीपटाबाहेर कोणालाही प्रत देण्यास स्पष्ट मनाई आहे. मुलाचे चालते-फिरते असे त्यांच्याकडे दुसरे काहीच नाही.

कायदेकानू

करारावर सही झाली नसेल तर अजून वेळ गेलेली नाही. परवान्याच्या अर्जात ती विनंती मिसळू नका. वेगळे पत्र लिहा, आईच्या सहीने आणि मुलाच्या नावासह. चित्रित व्यक्तीच्या निकटच्या नातेवाइकाला खासगी, विनामूल्य आणि पुनःप्रसारणाचा हक्क नसलेली एक प्रत द्यावी, अशा शब्दांत मागणी करा. कराराला पुरवणी कलम म्हणून ते जोडता येते आणि अशा विनंत्या मान्य झालेल्या मी पाहिल्या आहेत. कॅटलॉगच्या नोंदीत त्याचे नाव लिहून घ्यावे, ही मागणीही त्याच पत्रात करा.

पेटारा

नोंद बदलण्याची मागणी अवश्य करा. टेपचा क्रमांक, दृश्याचा आरंभीचा आणि अखेरचा टाइमकोड (टेपवरची वेळेची खूण), नाव, आणि ओळख कोणी पटवली, एवढे लिहून दिले की संग्रहातल्या माणसाचे काम सोपे होते. मसुदा मला व्यक्तिगत संदेशाने पाठवलात तर आज रात्रीच पाहून देतो.

संकलनमेज

पाठवला आहे. त्यात नाव मी लिहिलेले नाही. ती जागा रिकामी ठेवली आहे, कारण आईंनी ते स्वतःच्या अक्षरात लिहायचे ठरवले आहे.